बटणांऐवजी नाड्या

लिंगफनच्या दुकानाला ना दार होतं ना पाटी. चीनमधल्या हांगचौ शहराच्या टोकाला, एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर चार खोल्या, त्यांत शिलाईयंत्रं, खोक्यांच्या थप्प्या आणि खिडकीपाशी एक कोरी भिंत. त्या भिंतीपुढे तिची आई नवेनवे कपडे घालून उभी राहायची आणि मोबाइलवर तिचे फोटो बघून देशभरातल्या लेकी आपापल्या आयांसाठी तेच कपडे मागवायच्या. दुकानाचं नावच 'आईचं कपाट'.

सतराव्या वर्षी लिंगफन गाव सोडून इथल्या कारखान्यात कॉलर शिवायला आली. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने पगाराऐवजी न खपलेले जाडजूड कोट कामगारांच्या गळ्यात मारले. तिने गावाहून आईला बोलावून घेतलं, कोट चढवला, गच्चीत उभं केलं आणि फोटो टाकले. समोरचा दात पडलेला म्हणून आई तोंड घट्ट मिटून उभी. "ही तर अगदी माझ्या आईसारखी वैतागलेली दिसते," असं कुणीतरी खाली लिहिलं आणि कोट हातोहात गेले. मग तेरा वर्षं लिंगफनने मागे वळून पाहिलं नाही.

खरं तर एकदा पाहायला हवं होतं. नोव्हेंबरातल्या मोठ्या सेलच्या दिवशी गावी वडील गेले. आई त्यांच्यापाशी होती. लिंगफन मागण्या सोडून निघेपर्यंत तिसरा दिवस उजाडला आणि तिच्या हाती राखेचा डबा आला. वडिलांना कुणी न्हाऊ घातलं, काय घातलं, हे तिने विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं.

पुढे आईची बोटं आखडली. रोज सकाळी लिंगफन तिची बटणं लावून द्यायची आणि आई हनुवटी वर करून छताकडे बघत राहायची, जणू तिला कुणी रागावलंय. लिंगफनला ते बघवेना. म्हणून गेल्या शरदात तिने खास आईसाठी एक जाकीट काढलं. गडद निळं रेशमी कापड, त्यावर सोनेरी फुलं, आत कापूस. बटण नाही, चेन नाही, पाच जाड नाड्या. कापड कापणाऱ्या पोरी पंचविशीच्या आतल्या, त्या तर खूशच झाल्या.

आईने जाकीट बराच वेळ उलटंसुलटं करून पाहिलं. मग अंगात घातलं आणि एकेक नाडी स्वतः बांधली.

"झालं की!" ती म्हणाली. त्या फोटोत ती पहिल्यांदा हसली, पडलेल्या दातासकट.

नववर्षाची भेट म्हणून हजारो लेकीसुनांनी ते जाकीट गावोगावी आयांना, सासवांना पाठवलं. आणि आठवड्याभरात पहिला फोन आला.

"बाई, तुम्हाला काही अक्कल?" पलीकडची बाई रडकुंडीला आली होती. "माझ्या सासूने शेजारणींसमोर पार्सल फोडलं. त्या म्हणाल्या, सुनेने मेल्यावर घालायचे कपडे पाठवले! तीन दिवस झाले, म्हातारी माझ्या हातचं जेवत नाही."

"मेल्यावर घालायचे?"

"त्यांना बटणं नसतात, नाड्याच असतात. रंगही हाच. एवढं माहीत नाही? तुमच्या घरी कधी कुणी गेलं नाही का?"



मग जाकिटं परत येऊ लागली. खोल्या भरल्या, जिना भरला. तिने माफी लिहिली, आईच्या बोटांचं कारण लिहिलं. त्याखाली कुणीतरी लिहिलं, "मग तुझ्याच आईला घाल." आईचा तो हसरा फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरला. लोक विचारत होते, जिवंत म्हातारीला असं नटवणारी ही कोण कैदाशीण?

दुकान बुडालं तर बुडू दे, पण हे आईला कळता कामा नये, एवढंच आता लिंगफनला वाटत होतं. तिने पोरींना दम दिला. "फोटो फार चाललाय, म्हणून बदलतेय," असं आईला सांगितलं. कोरी भिंत खोक्यांनी झाकली. आणि एका सकाळी आईसाठी नवा लोकरी अंगरखा आणला. बटणांचा.

"ते जाकीट दे धुवायला. हा घाल, गरम आहे."

आई अंगरखा घालून पहिल्या बटणाशी खटपट करू लागली. बटण काजापर्यंत जायचं आणि निसटायचं. लिंगफनने हात पुढे केला, तसा आईने तो झटकला.

"माझं जाकीट आण."

"आई, ते नको."

"का? मेल्यावरचं आहे म्हणून?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? तुझ्या बापाला मीच घातलं ना तसलं. तू हातात दिलंस तेव्हाच ओळखलं मी."

"मग बोलली का नाहीस गं? सगळं बुडालं, आई! सगळं!"

"बोलले असते, तर काढून घेतलं असतंस," आई म्हणाली. "दोन वर्षांनी स्वतःच्या हाताने कपडा बांधला होता मी. एवढे लोक विकत घेतील, हे मला काय माहीत?"

लिंगफनला आईचा राग आला, स्वतःचा आला, आणि दोन्ही राग कुठे ठेवावेत ते तिला कळेना. खाली पार्सलवाला परत आलेल्या मालाची गाडी लावून हाका मारत होता. तिने खुंटीवरचं जाकीट काढून आईला दिलं.

आईने ते चढवलं. चार नाड्या बांधल्या. पाचवी तशीच सोडून ती पलंगावर टेकली.

"ये इकडे. ही तू बांध."

"तुला येते की."

"मला येते गं. तुला नाही येत. बापाच्या वेळी नव्हतीस तू." आईने नाडीची दोन टोकं लेकीच्या हातात दिली. "हळू. फार आवळायची नाही. अशी फिरवून घ्यायची. हं... आता सोड आणि परत बांध."