एक पीस उजव्या पंखाचं

माझ्या भाचीचा हात कापत नव्हता. हे मी अकरा वर्षांपूर्वी चार माणसांत सांगायला हवं होतं. तेव्हा नेमकं उलटं सांगितलं, म्हणून आता लिहितो आहे.

मी सुप्याच्या कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर नगरच्या घरी बाण बनवायचा नाद लागला, तो या भाचीमुळे. ती सोनईची, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेजात असताना ती बांबूच्या धनुष्यावर नेम मारायला शिकली. त्या धनुष्याला लाकडी बाण आणि बाणाच्या शेपटीला खरी पिसं बरी. प्लास्टिकचं पातं धनुष्याला घासून बाण बाजूला फेकतं. पीस तिथं दबतं आणि पुढं जाऊन पुन्हा उभं राहतं. तयार बाण बाहेरून मागवावे लागत. मी म्हटलं, मी करतो.

महिनाभर पिसांचाच विचार केला. तीन की चार, लांब की आखूड, सरळ की किंचित तिरकी. लांब पीस बाणाला लवकर सावरतं, पण त्याचा वेगही खातं. शेवटी तीन ठरवली, बोटभर लांबीची, थोडी तिरकी. नेवाशाच्या रस्त्याला एकजण टर्की पाळायचा, त्याच्याकडून पंखांची पिसं आणली. एका बाणाची सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात. डाव्या पंखाचं पीस एका अंगाला वळतं, उजव्याचं दुसऱ्या. तिन्ही एका बाजूची असली की बाण गिरक्या घेत सरळ जातो. सगळी डावी चालतात, सगळी उजवी चालतात, सरमिसळ चालत नाही. माझ्याकडे धड पिसं डावी जास्त निघाली, म्हणून बाराही बाणांना डावीच लावली.

जिल्ह्याच्या संघाची निवड दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होती. खंडेनवमीला मायलेकी माझ्याकडं आल्या. पाटावर माझे पाने, कानस आणि ते बारा बाण पूजेला मांडले होते. भाची आत चहा करत होती. बहीण हळदकुंकू वाहायला वाकली आणि मी कौतुकानं पिसांची माहिती सांगायला लागलो.

“समदी डावी?” तिचं हळदीचं बोट तसंच राहिलं. “दादा, पोरगी पैल्यांदा एवढ्या मोठ्या मैदानात उभी राहनार, अन् तू तिच्या हातात डावं देतोस व्हय?”

“अगं, टर्कीला कुठलं आलंय शुभ-अशुभ?”

“टर्कीला नसंल, माझ्या लेकीला हाय. आपन डाव्या हातानं परसाद तरी घेतो का? एक तरी उजवं लाव की. एवढा फिटर तू, तुला काय अवघड हाय?”

तिचा नवरा गेल्यापासून मी तिला कशालाच नाही म्हणत नसे. त्या दुपारी प्रत्येक बाणाचं एकेक पीस खरवडून काढलं आणि तिथं उजव्या पंखाचं चिकटवलं. दोन सुलट, एक उलटं. दोघं मिळून एकाला ओढून नेतील, असं मनाला समजावलं. भाचीला काही सांगितलं नाही. “पूजेचे बान सरावात मळवू नगं,” असं बहीण तिला म्हणाली, तेव्हा मीही मान डोलावली. सराव झाला असता तर तिथंच कळलं असतं.

निवडीच्या सकाळी दोघातिघा प्रशिक्षकांनी माझे बाण हातात घेऊन पाहिले. “बाबा, आमच्या पोरांनाही करून द्या की,” एकजण म्हणाला. मी सुखावलो. मग भाचीनं पहिला बाण सोडला. तो शेपटी झुलवत गेला आणि लक्ष्याच्या कडेला लागला. मला तेव्हाच कळलं. दुसरा वर गेला, तिसरा मातीत. ती प्रेक्षकांच्या दोरीपाशी माझ्याकडं आली.

“मामा, जुने काढू का? हे नीट जात नाहीयेत.”

जुने बाण पिशवीत होते, पिशवी माझ्या खांद्याला होती. प्रशिक्षक शेजारीच उभे होते.

“बाणात काही नाही,” मी म्हणालो. “हात कापतोय तुझा. श्वास धर.”

तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. आणि मग तो खरोखरच कापायला लागला.

घरी सगळ्यांनी विचारलं, तेव्हाही मी तेच सांगितलं. पुढं ते घरातली म्हणच झाली. तिच्या हातून चहा सांडला तरी कुणीतरी म्हणायचं, “राहू दे, हात कापतो हिचा.” तिनं धनुष्य कुणाला तरी देऊन टाकलं.

आता ती सुप्याला असते, एका कारखान्यात पॅकिंगला जाते. गेल्या महिन्यात रविवारी तिच्याकडं गेलो. ती मेथी निवडत बसली होती. मी पिसांपासून सगळं सांगितलं.

“कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच बाणाला.”

“म्हणजे मी जुने काढू का विचारलं, तेव्हा कळलेलं होतं.”

“हो.”

तिनं हातातली मेथीची काडी खुडली. मग म्हणाली, “मी वर्षभर आरशासमोर हात पुढं करून उभी राहायचे, मामा. कापतोय का बघायला.”

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली, एवढंच म्हणता येईल.

“मला एकटीला सांगून काय? तेव्हा काय मला एकटीलाच सांगितलं होतं? सगळ्यांना सांगा. आईलापण. पण तिच्यावर ढकलू नका, तिला काय कळतंय पिसातलं. आणि लिहून द्या. तोंडानं तुम्ही ऐनवेळी दुसरंच बोलता.”

म्हणून हे लिहिलं. बहिणीनं एक पीस मागितलं होतं. ते चिकटवणारा मी, आणि पिशवी न उघडणाराही मीच. प्रशिक्षक आता कुठं असतात ठाऊक नाही. बहिणीला वाचता येत नाही, तिला हे वाचून दाखवावं लागेल. दोनदा सोनईला जाऊन आलो. दोन्ही वेळा कागद खिशातच राहिला.