खराडीचा अर्जुन

सकाळच्या एसटीनं साताऱ्याहून निघाले तेव्हा डोक्यात फक्त झाडं होती. साल टाकणाऱ्या झाडांचे फोटो काढायचा मला नाद आहे. पुण्यात उतरून आधी टेकडीवर गेले. तिथं कांडोळ (याला भुत्याही म्हणतात) पर्णहीन उभे होते. पांढरट खोडं, कागदासारखे सुटलेले पापुद्रे. ऊन चढल्यावर येरवड्याला वंदनाकडे, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, जेवायला गेले.

तिनं भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी केली होती. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिच्या मुलाचा, निखिलचा फोटो होता. खराडीच्या आयटी पार्कमधून घरी येताना त्याची मोटारसायकल झाडावर आदळली, त्याला दोन वर्षं झाली.

"कॅमेरा घेऊन तिथं चल," वंदना म्हणाली. "रस्ता रुंद होतोय, ते झाड जाणार. त्याच्या गाडीचा निळा रंग लागलाय खोडाला. त्याचा फोटो हवाय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी गेलेच नाहीये."

रिक्षावाल्यानं विचारलं, "खराडीला झाडं बघायला? आहेत का शिल्लक?" वंदनानं त्याला पुढचं वळण दाखवलं.

झाड अर्जुनाचं होतं. खोड गुळगुळीत, फिकट राखाडी. वंदनानं कमरेच्या उंचीवर हात ठेवला आणि खोडाभोवती फिरली. मग पुन्हा फिरली. रंग कुठंच नव्हता.

"अर्जुनाची वरची साल गळून पडते गं," मी सांगितलं.

तिनं ऐकलं, आणि खाली बसून मुळाशी साठलेला पाचोळा उचकायला लागली. मीही बसले.

पलीकडच्या टपरीवरची चहावाली आली. "काय हुडकताय ताई?"

"साल. निळा रंग लागलेली."

"पडल ती साल आमी चुलीत घालतो. चांगली पेटती. रंगाचं काय ध्यानात न्हाय बगा." मग हळू आवाजात, "कोन होतं तुमचं?"

"मुलगा."

बाई परत गेली आणि दोन चहा घेऊन आली. वंदनानं मातीच्या हातांनीच ग्लास धरला आणि शेवटपर्यंत प्यायली.

"आता काढ फोटो," ती म्हणाली. "आहे तसं काढ."

परतीच्या एसटीत मी कॅमेरा उघडलाच नाही. एवढी वर्षं साल गळणं मला सुंदर वाटत आलं होतं. झाड स्वतःसाठी साल टाकतं, त्यावर कुणाचं काय राहिलंय ते त्याला कळत नाही.

घरी पोचले तोच तिचा फोन आला.

"मोठं करून बघितलंस? कुठं थोडासा?"

मी कॉम्प्युटर लावला. एकेक फोटो मोठा करून इंच इंच बघितला. ती फोन धरून होती.

"नाही गं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.