सटवाईच्या कागदावर डॉक्टरचं अक्षर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझं पाणी गेलं. वेळ पक्की ध्यानात आहे, कारण आमच्या स्वयंपाकघरात घड्याळ गॅसच्या वरच आहे, आणि खाली आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पीठ मळत होत्या.

"आत्या, पाणी गेलं."

"कळा हायत का?"

"न्हाईत."

"मग दवाखान्यात जाऊन पंखा बघत बसायचं का? तुज्या नवऱ्याच्या येळंला मी दुपारपातूर रानात भांगलत हुते."

मला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी, विट्याजवळच्या गावात. मी भाकरी केल्या, धुणं वाळत घातलं. दिवस मावळताना अंगात ताप भरला तेव्हा विट्याच्या दवाखान्यात निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी झाली आणि दुपारी कण्हायला लागली. दूध ओढेना. विट्याच्या डॉक्टरांनी लगेच ॲम्ब्युलन्समधून सांगलीला पाठवलं. तिथं ती काचेच्या खोलीत, मी बाहेर आयांच्या खोलीत. बारा दिवस.

आठ बाळंतिणी एका खोलीत बसवल्या की किस्से साठवावे लागत नाहीत, साठतात. माणूस रडून रडून किती रडणार? जेवताना तरी थांबावं लागतंच, आणि तेवढ्यात कुणीतरी काहीतरी बोलून जातं.

* * *

काचेच्या खोलीत जायचं तर बांगड्या काढायच्या, असा नियम. माझ्या हातात डोहाळजेवणातला हिरवा चुडा. आत्या आडव्या आल्या. "नवरा बॉर्डरवर आन ही हात मोकळं करणार? जमायचं न्हाई."

आत पोरगी नळ्यांत, बाहेर मी बांगड्यांत. शेवटी नवऱ्यालाच व्हिडिओ कॉल लावला. तो फौजेत आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काढ बिनघोर. मी हेल्मेट घालून बसलोय."

* * *

बांगड्यांनंतर हात धुणं. साबण लावून कोपरापर्यंत, भिंतीवर चित्रच लावलेलं. आत्यांना हा नियम मात्र लय पटला. त्या बेसिनपाशी स्टूल टाकून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायला लागल्या.

एकदा एक चष्मेवाले उंच गृहस्थ आले, बोटं ओली केली आणि निघाले.

"आवं दादा, कोपरापातूर."

"आजी, मी इथला मोठा डॉक्टर आहे."

"मग दंडापातूर."

गेले की परत बेसिनपाशी, बाह्या वर सारत.

* * *

मी काचेला नाक लावून पोरीचे श्वास मोजत बसायची. मोबाईलवर एक मिनिट लावायचं आणि मोजायचं. जास्त आले की सिस्टरकडं पळायचं, कमी आले की त्याहून जोरात पळायचं. दिवसातनं वीस-पंचवीस खेपा तरी व्हायच्या.

तिसऱ्या दिवशी सिस्टर हात जोडून म्हणाल्या, "ताई, तिचे श्वास मशीन मोजतंय. तुम्ही तुमचे घ्या."

* * *

त्याच दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. इंजेक्शनं इथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्या तासातच सुरू केली होती, पण जंतूचं नाव आता कळलं. आम्हाला समोर बसवून त्या म्हणाल्या, "ग्रुप बी स्ट्रेप. बऱ्याच बायकांच्या अंगात हा जंतू असतो. त्यांना पत्ताही नसतो. बाळंत होताना बाळाला लागू शकतो. पाणी जाऊन जास्त तास झाले तर धोका वाढतो."

जास्त तास म्हटल्यावर आत्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारली. मग सोडली. मग परत मारली.

फोनवर नवरा ऐकत होता. "म्हंजी दुश्मन घरातच हुता, आन मला रिपोर्ट न्हाई?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या बायकोला तरी कुठं होता?"

मी विचारलं, "वाचंल न्हवं?" त्या म्हणाल्या, "आज कालच्यापेक्षा बरी आहे." एवढं सांगून त्या आत बाळांकडं गेल्या. मी तेच वाक्य दिवसभर चघळलं.

* * *

माझ्या शेजारच्या कॉटवर रत्नव्वा. जतकडची, मेंढरंवाल्याची बायको, तिची पोरगी आठव्या महिन्यात झालेली. बोलणं अर्धं कानडी, पण टोमणा मारायचा झाला की मराठी एकदम चोख.

आमच्या गावाकडनं एक चुलत सासूबाई बघायला आल्या. केळी दिली आणि सुरू झाल्या. "जंतू हुतोच कसा? दिवसांत आंगूळ करत न्हवतीस काय? ताक लय पीत हुतीस, मी बघितलंय."

मला आधीच तीच भीती पोखरत होती. मान वर होईना. रत्नव्वा केळं सोलता सोलता म्हणाली, "अव्वा, मी जतची. टँकर आला तर आमची आंगूळ. माज्या पोरीला जंतू न्हाई. घाणीनं झाला असता तर आमचा तालुकाच्या तालुका काचंत झोपला असता."

डॉक्टरबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "बरोबर आहे. घाणीनं नाही, ताकानंही नाही." मग रत्नव्वाकडं बघून, "तुम्ही रोज भेटायच्या वेळेला इथंच बसा. नातेवाइकांना तुम्हीच समजावून सांगा."

* * *

पाचव्या दिवशी रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. त्यासाठी पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवायचं असतं. आत्या सकाळपासून सिस्टरच्या मागं.

"आजी, बाहेरचं काही आत जात नाही. आणि रात्री कुणालाच सोडत नाही."

"सटवाईला बी न्हाई?"

"भेटायची वेळ चार ते पाच. सगळ्यांना सारखीच."

आत्यांनी विचार केला. "बरं, चारला ठिवते. तीबी बाईमाणूसच हाय, समजून घील."

चार वाजता काचेबाहेरच्या टेबलावर वहीचं पान, नवंकोरं पेन, वर हळदकुंकवाची दोन बोटं. सव्वाचारला डॉक्टरबाई आल्या. त्यांचं पेन चालेना. समोर पेन, समोर कागद. बसल्या आणि लिहायलाच लागल्या.

आत्या "आवं, आवं" करेपर्यंत चार ओळी झाल्या. कागद माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "जपून ठेवा. पुढच्या खेपेला लागेल."

आत्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला. मी बघितला, सातवीपर्यंत शिकलेय. रत्नव्वानं बघितला. कुणालाच अक्षर लागेना. तेव्हा कुठं आत्यांच्या जीवात जीव आला.

"सटवाईचंच हाय. तिनं लिवल्यालं बी कुणाला वाचता येत न्हाई."

शेवटी सिस्टरनं वाचून दाखवलं: आधीच्या बाळाला ग्रुप बी स्ट्रेप झाला होता. पाणी गेलं किंवा कळा सुरू झाल्या की लगेच दवाखाना. पोचल्याबरोबर हा कागद दाखवणे. बाळंत होण्याआधी शिरेतून अँटिबायोटिक.

आत्यांनी तो परत वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचताना "लगेच" आलं आणि त्या उठून बेसिनपाशी गेल्या. त्या दिवशी हात धुवायला त्यांना लय वेळ लागला.

* * *

बाराव्या दिवशी पोरगी हातात मिळाली. त्याच संध्याकाळी घरी बारसं, नाव गौरी. कागद लॅमिनेशन करून देव्हाऱ्यात गेला.

यंदा नणंद बाळंतपणाला माहेरी आली. एका सकाळी आत्या भाकरी थापत होत्या, मी गौरीला भरवत होते. नणंद न्हाणीच्या दारात येऊन म्हणाली, "आई, पाणी गेलं."

आत्यांनी घड्याळ बघितलं. सात चाळीस. तव्यावर भाकरी अर्धी भाजलेली. तशीच ठेवून गॅस बंद केला, हात धुतले कोपरापर्यंत, देव्हाऱ्यातला कागद काढला आणि शेजारच्या जीपवाल्याला हाक मारली.

नणंद म्हणाली, "आई, कळा न्हाईत अजून."

"मी इचारलं का?"

विट्याच्या दवाखान्यात आत्यांनी केसपेपरच्या आधी तो कागद पुढं केला. सिस्टरनं वाचला, वरचं हळदकुंकू बघितलं, नणंदेकडं बघितलं. "आजी, हा तर तुमच्या सुनेचा आहे. ही बाई दुसरी."

"बाई दुसरी हाय," आत्या म्हणाल्या आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "उशीर करणारी तीच."

तुमच्या गल्लीत कुणाचे दिवस भरत आले असतील तर एवढं पोचवा: पाणी गेलं की घड्याळ बघायचं आणि निघायचं, कळांची वाट बघायची नाही. आधीच्या बाळाला हा जंतू झाला असेल तर दारातच सांगायचं. तिला सांगाच, पण तिच्या सासूला आधी सांगा.