काकूंची जगप्रदक्षिणा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आणि जगप्रदक्षिणेच्या तयारीला लागल्या. रोज संध्याकाळी पाठीवर भरलेली सॅक घेऊन त्या जिना चढायच्या-उतरायच्या. "एकट्याच जाणार?" असं कुणी विचारलं, की पायरीवर थांबून शांतपणे सांगायच्या, "विमानात बाकीचीही माणसं असतात हो."

तिकिटं काढायला त्यांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं. टोकियो, ऑकलंड, लिमा, सगळं त्यांचं ठरलेलंच होतं. तेवढ्यात टोरांटोहून मुलाचा फोन आला. "आई, हे काय खूळ? सरळ इकडे ये. सहा महिने राहा. बाळाला सांभाळायला कुणीतरी हवंच आहे."

काकूंनी भिंतीवरच्या नातवाच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "येते ना. वाटेतच आहेस तू. आठवडाभर राहीन."

फोन ठेवून त्या परत फोटोकडे बघायला लागल्या. मला राहवेना. "काकू, अजून विचार करा. हे जगप्रदक्षिणेचं तिकीट एकाच दिशेनं जायचं असतं. मध्येच उलटं फिरता येत नाही."

"मग बरंच आहे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दाब ते बटण."