अण्णांना पटवायला केप रेइंगापर्यंत

न्यूझीलंडच्या समस्त मोटेलचालकांविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती दुधाबद्दल आहे. या देशात मोटेलात शिरलं की खोलीच्या किल्लीबरोबर तुमच्या हातात दुधाची एक इवलीशी बाटली ठेवतात. हेतू थोर आहे, प्रमाण मात्र आचमनाचं आहे. चार माणसांच्या मराठी कुटुंबाचा सकाळचा पहिला चहासुद्धा त्यात होत नाही. दुसरी बाटली मागायला जावं, तर काउंटरवरची बाई "निळं की हिरवं?" असं विचारते. हिरव्या झाकणाचं दूध म्हणजे ज्यातून दूध काढून घेतलेलं आहे असं दूध. तेव्हा उत्तरेकडे निघणाऱ्यांसाठी पहिली सूचना: निळ्या झाकणाची दोन लिटरची बाटली घरूनच घेऊन निघा.

दुसरी सूचना: वडिलांना पटवायचं असेल, तर त्यांना निसर्ग दाखवायला नेऊ नका.

आमच्या सहलीचा हेतू तोच होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आई गेल्याला दोन वर्षं झाली. अण्णा एकोणऐंशी वर्षांचे, पुण्यात एकटे राहतात. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, ऑकलंडच्या हेन्डरसन या उपनगरात, आले होते आणि परतीच्या तिकिटाला दहा दिवस उरले होते. त्यांनी आता इथेच राहावं असं मला आणि वृंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मनापासून वाटत होतं. कागदपत्रांची चौकशीही मी गुपचूप करून ठेवली होती. अण्णांचं मत असं, की हेन्डरसन ही माणसांनी राहायची जागा नसून गाड्यांनी राहायची जागा आहे, माणसं फक्त त्यांना सोडायला येतात. म्हणून ठरवलं की त्यांना देशाचं पार उत्तरेचं टोक, केप रेइंगा, दाखवायचं. जाऊन-येऊन साधारण नऊशे किलोमीटर, तीन दिवस, दोन मोटेलं. मागच्या सीटवर अण्णा आणि चौदा वर्षांची आमची ईशा. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. अण्णा मराठीत बोलत राहतात. दोघांचं उत्तम जमतं.

पहिल्या दिवशी पश्चिमेकडचा रस्ता घेतला. डार्गाव्हिलच्या आसपास मैलोन्‌मैल रताळ्यांची शेतं आहेत. रस्त्याकडेला रताळ्यांच्या पिशव्या मांडलेल्या असतात, शेजारी पैसे टाकायला पेटी, आणि राखण करायला कुणीही नाही. मी संधी साधून या देशाच्या सचोटीवर एक छोटं प्रवचन दिलं. अण्णांनी पिशवीतलं एक रताळं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अरे, पण मग घासाघीस कुणाशी करायची?"

तिथून पुढे वाइपोआचं जंगल. रस्ता इतका वळणांचा, की ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. या जंगलात कौरी जातीचं एक अतिप्रचंड झाड आहे. वय दोन हजार वर्षं असावं असं सांगतात. बघायला तिकीट नाही. खोड पाहताना झाड न वाटता भिंतच वाटते. मी भारावून म्हणालो, की फूल न येता ज्याला फळ येतं तीच संस्कृतातली खरी वनस्पती, आणि कौरी अगदी त्याच व्याख्येत बसते. अण्णा म्हणाले, "याला शंकू येतात. शंकू म्हणजे फळ नव्हे." माझं संस्कृत त्यांनीच करून घेतलेलं आहे, त्यामुळे तिथे फार काही चालत नाही.

मग ते बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटलं, जमलं.

"बसायचं कुठे?" त्यांनी विचारलं.

बसायची सोय नव्हती. मुळं दुखावू नयेत म्हणून लाकडी वाट केली आहे, पुढे कठडा आहे, त्याच्या अलीकडूनच बघायचं. मी ते समजावून सांगितलं.

"म्हणजे एवढ्या मोठ्या झाडाला पार नाही," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे असतं तर संध्याकाळी वीस म्हातारे बसले असते खाली."

ईशाने झाडासाठी ते वाईट ठरलं असतं असं इंग्रजीत सांगितलं. झाडाचं बरोबर आहे, असं अण्णांनी मान्य केलं. म्हाताऱ्यांचं काय, ते मात्र त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मुक्काम ओपोनोनीला. दुसऱ्या दिवशी रावेनेहून खाडी ओलांडायला फेरीबोट घेतली. गाडीसकट पंधरा-वीस डॉलर लागतात आणि पंधरा-वीस मिनिटं. कायताइयाला पेट्रोलची टाकी भरून घ्या, पुढे पंपांचा भरवसा धरू नका. तिथून पश्चिमेला नाइन्टी माइल बीच लागतो. लोक त्याच्या वाळूवर गाड्या पळवतात. तुम्ही पळवू नका, रुतलेल्या गाडीचा विमा मिळत नाही. हौस असेल तर सहलीच्या बसने जा. माहितीपत्रकात अण्णांना आढळलं, की हा नव्वद मैलांचा किनारा भरतो जेमतेम पंचावन्न मैल. या देशात आल्यापासून इतके प्रसन्न ते मला प्रथमच दिसले.

शेवटचे वीसएक किलोमीटर वळणावळणाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंनी समुद्र डोकावतो, आणि मग एकदम जमीन संपते. डोंगराच्या नाकाडावर छोटंसं पांढरं दीपगृह, खाली दोन समुद्र एकमेकांत घुसताना चक्क दिसतात. शेजारी खांबावर लंडन, टोकियो, सिडनी अशा दिशांचे पिवळे बाण आहेत. मुंबईचा नाही. याची नोंद अण्णांनी तत्काळ घेतली.

आता आपल्या लोकांची रीत अशी, की कुठेही पोहोचलो की आधी खायचं. मग बघायचं. वृंदाने कट्ट्यावर टॉवेल अंथरला आणि डबा उघडला. थालीपीठं, दही, लसणाची चटणी. वाऱ्याने तो वास बहुधा दोन्ही समुद्रांत पोहोचवला. सबंध प्रवासात दिसेल ती पाटी मी अण्णांना वाचून दाखवत होतो; वाटेत असलेली नेमकी एक मी दोन समुद्रांच्या वर्णनाच्या भरात वाचली नव्हती. अण्णा पहिला घास मोडत होते, तेवढ्यात तिथली देखभाल करणारी एक पन्नाशीची माओरी बाई जवळ आली. "किया ओरा" असा त्यांच्या भाषेत नमस्कार केला, आणि अगदी हळू आवाजात तिने सांगितलं, की इथे आम्ही खात नाही.

मी ओशाळून भराभर माफी मागू लागलो. अण्णांनी मला हातानेच थांबवलं, घास डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत तिला कारण विचारलं. तीही मग शेजारी टेकली. तिने सांगितलं, की माणसाला मरण कुठेही आलं तरी त्याचा जीव किनाऱ्या-किनाऱ्याने चालत इथे येतो. त्या कड्यावर एक जुनं झाड आहे, त्याच्या मुळांवरून समुद्रात उतरतो. दूर एक बेट आहे, तिथल्या टेकडीवर चढून आपल्या जमिनीकडे एकदा वळून बघतो, आणि मग जातो.

"ओन्ली वन्स?" अण्णांनी विचारलं.

"वन्स, मातुआ," ती म्हणाली. मातुआ म्हणजे आपल्याकडचं काका.

अण्णांनी तिला वाकून नमस्कार केला. थालीपीठं आम्ही खूप मागे येऊन, गाडीत बसून, गार खाल्ली.

कायताइया जवळ आलं तेव्हा अण्णा म्हणाले, "तिकीट बदलू नकोस."

मी त्यांना पुण्याच्या घराचा जिना, रक्तदाब, एकटेपण, सगळं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आत्माबित्मा मी मानत नाही, तुला माहीत आहे. पण समजा असलाच. समजा तुझ्या आईने वळून बघितलं, तर कुठे बघेल? स्वयंपाकघराच्या खिडकीतच ना? तिथे कुणीतरी असायला नको?"

"बट अण्णा, इट्स ओन्ली वन्स," ईशा म्हणाली. "शी मस्ट हॅव ऑलरेडी लुक्ड."

"केव्हा बघायचं ते कुठे ठरलंय?" अण्णा म्हणाले. "तिला कुठेही निघायला उशीरच व्हायचा."

या युक्तिवादात किमान तीन हेत्वाभास आहेत. मी गाडी चालवत राहिलो. वृंदा खिडकीबाहेर बघत होती.

दहाव्या दिवशी अण्णा विमानाने पुण्याला परत गेले. गाडीच्या गालिच्यातून अजून वाळू निघते. तुम्ही ही सहल जरूर करा, उन्हाळ्यात करा, वाऱ्यासाठी जाकीट न्या, आणि पाट्या सगळ्या वाचा. मला त्यातलं काय उरलं असं विचाराल तर उत्तर सोपं नाही. मी अण्णांना जागा दाखवायला नेलं होतं, आणि त्यांना त्यांची जागा दिसली.

आई गेली तेव्हा मी पोहोचलो नव्हतो. ऑकलंडहून सिंगापूर, तिथून मुंबई, मग टॅक्सीने पुणे. दारात उभा राहिलो तेव्हा अण्णा सगळं उरकून, आंघोळ करून, ओल्या पंच्याने बसले होते. "जेवलास का?" एवढंच त्यांनी विचारलं. आता त्या घरात ते एकटे आहेत. पुढच्या वेळीही मी पोहोचणार नाही, आणि तेव्हा दारात विचारायला कुणी नसेल, याची मला भीती वाटते.