कार्बनवाले मामा

जगात दोनच प्रकारची माणसं असतात: म्हाताऱ्या ताऱ्यांत कार्बन कसा वाढतो हे आमच्या मामेसासऱ्यांनी ज्यांना समजावून सांगितलंय ती, आणि अजून त्यांच्या तावडीत सापडायची आहेत ती. मी लग्नानंतर आठवड्याभरातच सापडले. ‘‘हे बघ सूनबाई, तारा म्हातारा झाला की अवाढव्य फुगतो. पोटात हेलियम जळून कार्बन होतो, पण तो आतच बसून राहतो. मग आत अशी काही ढवळाढवळ होते, की तळचा कार्बन वर येतो. तारा काजळी धरतो, लालभडक दिसतो आणि शेवटी सगळं आकाशात उधळून देतो!’’ तोवर माझ्या हातातल्या चहावर साय धरली होती.

दादरच्या बाजारात त्यांनी भाजीवालीलाही सोडलं नाही. ‘‘तुझ्या कोथिंबिरीतला कार्बन अशाच ताऱ्यांतून आलाय.’’ ती म्हणाली, ‘‘नाय हो काका, माझी कोथिंबीर नाशिकवरनं येते.’’ लग्नाच्या पंगतीत आमटी वाढणाऱ्याला ते हमखास ओरडतात, ‘‘तळातून ढवळ रे! ताऱ्याला कळतं, तुला कळत नाही?’’ मामी मात्र कपाळाला हात लावतात. ‘‘ताऱ्यांच्या पोटातलं सगळं ह्यांना ठाऊक. ह्यांच्या पोटात काय आहे, ते मला जन्मात कळलं नाही.’’

परवा शिवाजी पार्कजवळच्या एका हॉलमध्ये मामांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ‘‘चंद्राचं काय कौतुक? त्याचा उजेड उसना!’’ अशी कुरकुर करत ते पाटावर बसले. आदल्या दिवशी मामींनी त्यांच्याकडे एकच मागणं मागितलं होतं, ‘‘उद्या चारचौघांत माझ्याबद्दल दोन शब्द बोला. तारे नकोत.’’ मामांनी मान डोलावली होती.

ओवाळणं झालं आणि माईक हातात आला. एरवी तासभर न थांबणारा हा माणूस गप्प उभा राहिला. घसा खाकरला, मामींकडे बघितलं, पुन्हा खाकरला. कोणीतरी मागून कुजबुजलं, ‘‘मामा, कार्बनचं सांगा हवं तर!’’ तेही त्यांना सुचेना. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. मला अगदी बघवेना.

शेवटी मामा म्हणाले, ‘‘तो वरचा पंखा जरा कमी करा. हिला वारा सोसत नाही.’’ आणि बसले.

हॉल हसून कोसळला. मामीही हसल्या, हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. मी रुमाल पुढे केला तर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, ‘‘पुरे गं मला एवढं.’’ मला भरून आलं. ही दोघं अजून खूप वर्षं अशीच शेजारी शेजारी बसलेली दिसावीत, एवढंच वाटत राहिलं. पंखा कोणीतरी बंदच केला होता, आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन टाळ्या वाजवत होतो.