चव बघायचे रविवार

पहिल्या रविवारी आमच्याकडे जे लोक आले, त्यांतलं एक कुटुंब मुलीचं लग्न ठरवून आलं होतं. मुलीचा बाप, काका, मामा आणि होणारे व्याही. सगळे हातपाय धुऊन आमच्या जुन्या हातमागाच्या खोलीत ओळीनं बसले, द्रोणातलं खाऊन झाल्यावर त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग मामानं विचारलं की लग्नाची ऑर्डर घ्यायला कधीपासून सुरुवात करणार. आमच्या बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत, 'चव बघायला या' म्हटलं की माणसाला आचारी आणि मांडव याशिवाय दुसरं काही सुचत नाही. आक्कानं हात जोडून सांगितलं की ती ऑर्डर घेत नाही, नुसतं खायला घालते. त्यावर व्याह्यांनी द्रोण खाली ठेवला. फुकट खायला घालतात म्हणजे यात काहीतरी गोम असणार, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

गोम होतीच, पण ती त्यांना कळण्यासारखी नव्हती. मलाही पुरती कळली नव्हती, आणि न कळलेली गोष्ट सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. घरात मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेला, पदरी मूलबाळ नाही, म्हणून ती गोव्याला एका इटालियन कुटुंबाकडे स्वयंपाकाला राहिली. ती माणसं थंडीत येत आणि पावसाआधी परत जात. एका वर्षी परत जाताना त्यांनी आक्कालाही बरोबर नेलं, तिकडच्या खेड्यात त्यांची म्हातारी आई होती, तिला सांभाळायला. दोन वर्षांत येते म्हणून गेलेली आक्का म्हातारी वारल्यावरच परत आली. लोंढा स्टेशनवर गाडीतून उतरली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. केस पांढरे, पायात बूट, आणि चालणं मात्र हुबेहूब आईचं.

आल्यावर ती तिकडचं काही बोलेना. म्हातारी कशी होती, घर कसं होतं, तुला तिथं करमायचं का, सगळं विचारून झालं. ती म्हणायची, "बरं हुतं." एवढ्या वर्षांचा हिशेब दोन शब्दांत. मी वैतागून जायची. आई तर काही विचारतच नव्हती. तिच्या बाजेवर बसून ती खिडकीतून गल्ली बघायची, आणि आक्का खोलीत आली की लुगड्याचा पदर नीट करायची, घरात पाहुणी आल्यागत.

कारण मला माहीत होतं. आक्का आईला दर आठवड्याला फोन करायची, आणि बोलणं जरा रंगात आलं की तिकडून म्हातारीची घंटी वाजायची. मग आक्का म्हणायची, "थांब आई, तिला भरवून येते." आई फोन कानाला लावून थांबायची. पुढे आई न्हाणीत घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हाही आक्काला येता आलं नाही. त्या दिवसांत आईला मी भरवलं. प्रत्येक घासाला ती भिंतीकडे बघायची.

यंदा पाऊस सुरू झाल्यावर म्हातारीच्या मुलीचा फोन आला. आता तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. तू ये, दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालणार नाही, गणपतीच्या आधी कळव, असं ती म्हणाली. आक्कानं मला हे भांडी घासता घासता सांगितलं. मी म्हटलं, तुझ्या मनात काय आहे? ती कढई उलटी घालत म्हणाली, "मला सैपाक येतोय. दुसरं काय येतंय? हितं माझ्या हातचं कोण खाल्लं तर ऱ्हाते. न्हायतर जाते बघ."

'कोण' म्हणजे कोण हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढा भोचकपणा मलाही जमत नाही. आई तिच्या हातची भाकरी खात होती, पण ती भाकरी आमची होती. आक्कानं तिकडचं काही केलं की आई म्हणायची, "दात न्हाईत मला." आणि संध्याकाळी बाजेवर बसून खारे दाणे खायची.

मग मीच टूम काढली. आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या वेळची मागाची खोली रिकामी पडून होती, हातमाग विकून वर्षं झाली होती. मी म्हटलं, घरात कुणी खात नसेल तर गल्लीला घाल. दर रविवारी एक पदार्थ कर, द्रोणभर दे, ज्याला वाटेल तो येईल. मी दारावर पाटी लावली आणि माझ्या शाळेतल्या बायकांना निरोप धाडले. मला खरं तर आणखी एक हाव होती. ती माझ्याशी बोलत नाही ना, मग लोकांशी तरी बोलेल.

आणि तसंच झालं. लोक खाण्यापेक्षा प्रश्न जास्त विचारायला लागले. पिझ्झा कुठाय, हा पहिला प्रश्न ठरलेला. आक्का सांगायची की म्हातारीच्या घरात पिझ्झा कधी झालाच नाही. तिनं चण्याच्या पिठाची जाड धिरडी केली तेव्हा कंग्राळीहून आलेल्या एका बाईनं विचारलं, हे कोण खातं तिकडं? आक्का म्हणाली, जे शेतात जातात ते, सकाळी, उभ्याउभ्याच. भोपळा घालून मऊ भात केला तेव्हा कळलं, की म्हातारीचा नवरा भाताच्या शेतात कामाला होता आणि घरात भात पुरवून खायची सवय तिला शेवटपर्यंत होती. मी मागे द्रोण हातात घेऊन उभी असायची आणि एकेक गोष्ट गोळा करायची. माझ्या सख्ख्या बहिणीची हकिगत मला परक्यांच्या तोंडून विचारून घ्यावी लागत होती, याचा रागही यायचा आणि मजाही वाटायची.

शिकवणं दोन्ही बाजूंनी चाललं होतं. इवलासा द्रोण देऊन माणसाला वाटेला लावणं हे आमच्याकडे अपमानात जमा होतं, म्हणून शेजारची काकू स्वतःच पातेलं घेऊन 'घ्या की, घ्या की' करत फिरायला लागली. एकानं घरून कांदालसूण चटणीची डबी आणली होती. बेळगावचा माणूस स्वर्गात गेला तरी ती डबी बरोबर नेईल. पण खरी खडाजंगी झाली ती पिठाच्या कवड्यांवरून. आक्कानं खपली गव्हाच्या पिठाच्या बोटाच्या पेराएवढ्या कवड्या वळून पावट्याच्या रश्श्यात घातल्या. काकूनं एक चावली, दुसरी चावली आणि द्रोण परत केला. चव चांगली आहे, पण शिजायचं राहिलंय, असं तिचं म्हणणं. आक्का म्हणाली, ते असंच दाताला लागायला पाहिजे. काकू म्हणाली, पोटात दुखलं म्हणजे? आक्का हसली नाही. तिनं रस्सा परत चुलीवर काही चढवला नाही. हट्टीपणा आमच्याकडे आईकडून आलाय.

त्या रविवारी आक्कानं त्या कवड्यांवर रेघा उठवल्या होत्या, नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या कंगव्यावर. आमच्या बायकाही लग्नासाठी फणुल्या करतात त्या अशाच. पिठाची गोळी कंगव्यावर अंगठ्यानं दाबून ओढायची, रेघा उमटतात, वाळवून खीर करायची. पण आक्काच्या मनासारख्या रेघा येत नव्हत्या. एका पोक्त विणकरानं द्रोण डोळ्याजवळ नेऊन त्या बघितल्या आणि विचारलं, की तिकडंही कंगवाच वापरतात काय.

आक्का म्हणाली, न्हाय. म्हातारीच्या गावात पूर्वी घरोघरी माग होते, तागासारख्या जाड धाग्याचं कापड विणायचे. माग गेले, पण त्यांच्या फण्या बायकांनी ठेवून घेतल्या, आणि त्याच्यावर हे वळायला लागल्या. म्हातारीकडं तिच्या आईच्या मागाची फणी होती, लाकडी चौकटीत बसवलेली.

शेजारच्या यंत्रमागांची खटखट भिंतीतून येत होती. वडगावातल्या माणसाला फणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उभे धागे जिच्यातून ओवतात आणि जी ठोकून आडवा धागा बसवतात, ती. सगळ्यांच्या माना वर गेल्या. आमच्या भिंतीवर आप्पांची फणी टांगलेली होती, दसऱ्याच्या झेंडूचा हार वाळून तिला चिकटलेला. माग विकला तेव्हा आईनं ती देऊ दिली नव्हती.

मागे दार वाजलं. आई काठी टेकत उंबऱ्यात येऊन उभी होती. इतक्या रविवारांत ती पहिल्यांदा इकडं आली होती.

"तिची फणी कशाची हुती?" तिनं आक्काला विचारलं. "बोरूच्या काड्यांची का तारेची?"

घरी आल्यापासून आईनं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"बोरूची," आक्का म्हणाली.

"मग रेघा मोकळ्या येत असणार. तारेच्या बारीक येत्यात." आई माझ्याकडं वळली. "चढ वर आणि काढ ती."

पुढच्या रविवारी सकाळी आईनं ती फणी गरम पाण्यात घासून घेतली, पुसली, तेलाचा हात फिरवला. आधी तिला हळदकुंकू लावून झालं होतं, आप्पांना काय वाटेल ते आप्पा बघतील, असंही म्हणून झालं. फणी साडीच्या पन्ह्याएवढी लांब. पाटावर आडवी ठेवली, तर एका टोकाला आई बसली आणि दुसऱ्या टोकाला आक्का. मी मधे परात घेऊन बसले, कारण उठून जाणं मला शक्यच नव्हतं.

आईचा अंगठा एकदा फिरला आणि गोळी गुंडाळली गेली, बारीक सुबक रेघांची. दोघींचे हात एकाच चालीनं चालत होते. परात अर्धी भरली. मग आईनं मान वर न करता विचारलं, "तिच्या माझ्यापरास चांगल्या व्हायच्या?"

मी आक्काकडं बघितलं. मनात म्हटलं, बये, खोटं बोल.

"चांगल्या व्हायच्या," आक्का म्हणाली. "पण आई, पहिल्यांदा ती मला पाटाजवळ घिऊन बसली, तवा मला शिकवायचं राहूनच गेलं. माझा हात आपसूक चालला. ती बघत ऱ्हायली. तुला कोण शिकवलं म्हणाली. मी म्हटलं, माझ्या आईनं. त्या दिवसापासनं वळायला बसली की ती पहिलं तुझं विचारायची. तुझी आई कशी हाय म्हणून."

आईचा अंगठा थांबला. तिनं पदरानं नाक पुसलं. "मला तर तिचा राग यायचा," ती म्हणाली. "मेलेल्या बाईचं वाईट बोलू न्हाय. पण लई राग यायचा."

आक्का म्हणाली, "मला ठावं हुतं." आणि दोघी परत वळायला लागल्या.

त्या दुपारी आईनं द्रोण घेतला नाही, तिचं नेहमीचं ताट आणायला लावलं. पहिला घास चावून ती म्हणाली, "शिजलं न्हाय गं हे." काकू लगेच विजयी मुद्रेनं सगळीकडं बघायला लागली. आक्का उठली. ताट उचललं, आत गेली आणि आईच्या वाटचं पुन्हा चुलीवर ठेवलं. मऊ करून आणलं. ते आईनं पुसून खाल्लं, मागून घेतलं आणि शेवटी चटणीच्या डबीवाल्याकडे हात पुढे केला.

लोक गेले. मी द्रोण गोळा करत होते, आई बाजेवर टेकली होती. आक्का मागच्या दारी जाऊन फोनवर तिकडं निरोप द्यायला लागली. मला त्या भाषेतलं काही येत नाही. सुरुवातीला एक 'नो' ऐकू आलं, आणि पुढं बोलण्यात दोनतीनदा 'मम्मा' आलं. म्हातारीची मुलगी इतक्या लांब होती, तरी आक्का समोर बसल्यासारखी हात हलवून बोलत होती.

मी आईजवळ जाऊन हळूच सांगायला लागले, की आई, आक्का त्यांना कळवूलालीय, ती आता...

"गप गं," आई म्हणाली. "ऐकू दे मला."